बर्फ की पाइप? मोठ्या काँक्रीट ओतकामातली उष्णता

दोन मीटर जाडीच्या राफ्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या अखंड काँक्रीटच्या पायात, सिमेंट आणि पाण्याच्या अभिक्रियेतून निघणारी उष्णता आतच कोंडते. गाभा आणि पृष्ठभागातला तापमानाचा फरक साधारण २० अंशांपुढे गेला की तड्यांचा धोका वाढतो.

पहिला मार्ग बर्फाचा. मिक्सिंगच्या पाण्यातलं ४० किलो पाणी कमी करून तेवढाच बर्फ घातला, तर घनमीटरभर काँक्रीट पाच-सहा अंशांनी थंड होतं, कारण वितळताना बर्फ भरपूर उष्णता शोषतो. मात्र चुरा बारीक हवा. न वितळलेला खडा काँक्रीटमध्ये राहिला, तर तिथे पोकळी उरते. शिवाय वाहतुकीत ट्रान्झिट मिक्सर (काँक्रीट वाहून नेणारा ट्रक) अडकला की कमावलेला गारवा गेलाच!

दुसरा मार्ग पाइपांचा. अमेरिकेतल्या हूवर धरणात १९३० च्या दशकात काँक्रीटमध्ये पुरलेल्या एक इंची पोलादी पाइपांतून थंड पाणी खेळवलं होतं. यात काँक्रीट ओतल्यानंतरही तापमानावर ताबा राहतो. पण पाणी फार गार सोडलं तर पाइपाभोवतीच तडे जातात, आणि शेवटी पाइप ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरावे लागतात.

इमारतीच्या राफ्टला मी बर्फच निवडेन, जोडीला थोड्या सिमेंटऐवजी फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी) आणि वरून थर्माकोलचं पांघरूण. धरणाला मात्र पाइप हवेतच. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) दोन्हीकडे लावा.