रानचहाची ‘हमी खरेदी’: सत्तरी तालुक्यातल्या आमच्या गटाचे पैसे कसे गेले

गोव्यातल्या महिला गटांसाठी हे लिहिते आहे, त्यातही सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण अशा रानालगतच्या तालुक्यांतल्या बायकांसाठी. तुमच्या परसातला, रानातला पाला आम्ही हमी भावाने विकत घेतो, फक्त आधी आमचे प्रशिक्षण घ्या आणि आमचा ड्रायर घ्या, असे सांगणारी माणसे गावोगाव फिरत आहेत. आमच्या गटाचे त्यात 1,19,500 रुपये गेले. आम्ही वाळपईजवळच्या एका गावातल्या अकरा जणी. कुणी काजू सोलायला जाते, कुणी शाळेत माध्यान्ह आहार रांधते. हे पैसे कुठून उभे राहिले असतील ते तुम्हीच ओळखा.

शिमग्याच्या आसपास तो माणूस आला. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टना हर्बल चहा पुरवतो म्हणाला. बोलणे अगदी नम्र, प्रत्येकीला ताई, म्हाताऱ्यांना मावशी. देवळाच्या सभामंडपात त्याने काचेच्या पेल्यात गोकर्णाची सुकी फुले टाकली, वर गरम पाणी ओतले. पाणी निळेशार झाले. मग लिंबू पिळले तसे ते जांभळे झाले, आणि मंडपात सगळ्या जणी पुढे सरकल्या. गोकर्णाच्या निळ्या रंगात आंबट काहीही पडले की तो जांभळाच होतो, भिरंडाच्या म्हणजे कोकमाच्या सोलांनीही होतो. त्या दिवशी मात्र त्या पेल्यामुळे आमच्या कुंपणावरच्या वेलीची किंमत आम्हाला पहिल्यांदा कळल्यासारखे वाटले. गवती चहा किलोला 900 रुपये, गोकर्णाची फुले 2,500, दालचिनीची पाने, तुळस, सगळ्याचे दर छापलेला कागद त्याने वाटला.

यात अशक्य काहीच नव्हते, आणि म्हणूनच हे सविस्तर सांगते आहे. पावसाळ्यात आमच्याकडे घरोघर कषाय होतो. धने, जिरे, आले, मिरी, गवती चहाची पात, तुळस, वर गूळ. किनाऱ्यावरच्या हॉटेलांत असाच चहा चांगल्या भावाने विकला जातो हेही खरे आहे. फसवणूक पाल्यात नव्हती, ती करारात होती.

पैसे असे घेतले. प्रत्येकीकडून प्रशिक्षण आणि सभासदत्वाचे 6,000. ड्रायरचे 48,000. फूड लायसन्स काढून देतो म्हणून 5,500. पावत्या कंपनीच्या नावाच्या, पण पैसे गेले एका माणसाच्या बचत खात्यात. ‘कंपनीचे खाते अपडेट होतेय ताई, तोवर यात टाका.’ ड्रायरच्या बिलावर जीएसटी क्रमांक होता. तो 27 ने सुरू होत होता, म्हणजे महाराष्ट्राचा. गोव्याचा 30 ने सुरू होतो. परराज्यातला क्रमांक असणे हा गुन्हा नाही, पण जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकून बघितला तेव्हा नोंदणी कधीच रद्द झाली होती असे दिसले. हे बघायला मोबाइलवर दोन मिनिटे लागतात, आणि ते फुकट आहे.

लायसन्सचेही तसेच. छोट्या घरगुती धंद्याला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची जी साधी नोंदणी लागते तिची सरकारी फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती. आमच्याकडून 5,500 घेऊन त्याने जो चौदा अंकी क्रमांक आणून दिला, तो फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर टाकल्यावर दुसऱ्याच राज्यातल्या एका किराणा दुकानदाराचे नाव आले. त्या बिचाऱ्याला आपला क्रमांक सत्तरीत कुणाच्या पाकिटावर छापला जातोय याचा पत्ताही नसेल.

प्रशिक्षणाच्या दिवशी आमच्या आतेसासूबाई आमच्याबरोबर होत्या. वयाची सत्तरी ओलांडलेल्या, वाड्यावर कुणाचेही पोट बिघडले की आधी त्यांच्याकडे माणूस धावतो. त्याने यादी वाचली, त्यात कुड्याची साल होती.

आतेसासूबाईंनी विचारले, ‘कुठला कुडा हवा बाबा तुला? पांढरा की काळा?’

तो म्हणाला, ‘मावशी, कुडा तो कुडा. तुम्ही साल आणा, आम्ही किलोवर घेतो.’

त्या काही बोलल्या नाहीत. परतताना वाटेत त्यांनी झाडाखाली पडलेल्या जुन्या शेंगा उचलल्या. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा टोकाला एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. आतले बी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, चाव. एक कडूजहर, दुसरे गोडसर. ‘पोटाला देतात ते पांढऱ्याचे. हा औषधाचा धंदा करतो आणि एवढे विचारत नाही? याला साल नको आहे, दुसरेच काहीतरी हवे आहे.’ तोवर पैसे भरून झाले होते. पण खरेदीदार खरा की खोटा हे ओळखायची याहून चांगली परीक्षा मला आजवर सापडलेली नाही. ज्याला माल खरोखर पुढे विकायचा असतो तो नेमका कुठला कुडा, कुठल्या महिन्यात काढलेला, पान कोवळे की जून, सावलीत सुकवले की उन्हात, असे विचारून भंडावून सोडतो. आमच्या माणसाने मालाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. त्याचे सगळे प्रश्न हप्ते कधी जमा होणार याबद्दल होते.

पहिला माल त्याने उचलला. पावसापूर्वीचा, पुरुमेंताच्या दिवसांतला, अंगणात सावलीला सुकवलेला 8 किलो गवती चहा. त्याचे 7,200 रुपये रोख, हातात, फोटो काढून. हा फोटो त्याने शेजारच्या गावांत दाखवला आणि तिथेही पैसे गोळा केले हे आम्हाला मागाहून कळले. पहिला माल चोख पैसे देऊन घेणे हा या धंद्यातला गळाला लावलेला गांडूळ असतो.

दुसरी मागणी आली ऐन पावसात, मोठी. त्या दिवसांत आमच्याकडे भिंतींना बुरशी येते, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे पाला उघड्यावर कुठून सुकणार? म्हणून तर ड्रायर, असे तो म्हणाला. तो ड्रायर म्हणजे पत्र्याची पेटी, आत एक हीटरची कॉइल आणि छोटा पंखा. तापमान स्थिर ठेवणारा थर्मोस्टॅट आत नव्हताच, त्यामुळे खालच्या ट्रेमधला पाला करपायचा आणि वरचा ओला राहायचा. वाळपईच्या इलेक्ट्रिशियनने उघडून पाहिल्यावर सामानाची किंमत 9-10 हजारांच्या वर जात नाही असे सांगितले. तरी आमच्या बायकांनी रात्री जागून, ट्रे खालीवर करून 40 किलो माल तयार केला. गोकर्णाची फुले सुकल्यावर टोपलीची मूठ होते, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल.

माल तपासायला तो एक छोटे यंत्र घेऊन आला. पुढे दोन सुया, वर आकडा दाखवणारी काच. सुया पिशवीत खुपसल्या, आकडा आला 19. करारात लिहिले होते, ओलावा 8 टक्क्यांपेक्षा जास्त असल्यास माल नापास, आणि गुणवत्तेबाबत कंपनीचा निर्णय अंतिम. सगळ्या पिशव्या नापास. वर, असा माल विकला तर लोक आजारी पडतील म्हणून आम्हीच नष्ट करतो, असे सांगून पिशव्या गाडीत घातल्या. फेरतपासणी हवी असेल तर 10,000 रुपये.

गावातला सुतार तिथे उभा होता. गाडी गेल्यावर तो म्हणाला, ‘वहिनी, हे तर लाकडाचा ओलावा बघायचे मशीन. मी फळीला टोचून बघतो, दरवाजा नंतर वाकू नये म्हणून.’ त्याने त्याच्याकडचे आणून दाखवले, अगदी तसेच. ते यंत्र दोन सुयांमधला विजेचा अडथळा मोजते आणि त्यावरून लाकडातला ओलावा सांगते. सैल पाल्यात त्या आकड्याला काही अर्थ नाही. पाल्याचा ओलावा खरोखर बघायचा तर वजन करून नमुना ओव्हनमध्ये सुकवतात आणि पुन्हा वजन करतात. कुणी तुमचा माल असा सुया टोचून नापास केला तर माल हातचा सोडू नका. नापास माल हा तुमचाच माल असतो.

आम्ही पैसे परत मागितले तेव्हा त्याची भाषा पालटली. प्रशिक्षणात त्याने आम्हाला रानात नेले होते, अनंतमुळाची वेल दाखवायला. आमच्या भागाला लागून म्हादई अभयारण्य आहे, 1999 साली जाहीर झालेले, दोनशे चौरस किलोमीटरहून मोठे. अभयारण्यातून परवानगीशिवाय मुळे, साली काढून आणणे 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तो फोनवर म्हणाला, ‘तुमचे रानातले फोटो आहेत माझ्याकडे. तक्रार केलीत तर वनखात्याकडे जातील.’ दोन घरांत या एका वाक्याने रात्रभर कुणी झोपले नाही. आमच्यातल्या एकीचा नवरा तिला म्हणाला, पैसे गेले तर गेले, गप्प बस. अशा धमकीवरच या लोकांचे पोट चालते. आम्ही दिलेला सगळा माल परसातला होता, आणि अनंतमूळ खणायला आतेसासूबाईंनी जागेवरच मनाई केली होती. त्या फोटोंत सगळ्यांच्या पुढे चालणारा, हाताने वेल दाखवणारा माणूस तोच आहे. पोलीस ठाण्यात आम्ही ते फोटो स्वतःच नेऊन दिले.

याहून वाईट गोष्ट पुढे कळली. एका सभासदाचा भाचा किनाऱ्याच्या बाजूला कामाला आहे. त्याला तिथल्या एका स्टॉलवर आमच्या गटाच्या नावाचे पाकीट मिळाले, अध्यक्षांचा मोबाइल नंबर छापलेले. वर लिहिले होते ‘शुगर कायमची बरी’. घटकांत गुळवेल, किराईत, कुडा. यातले काहीच आम्ही दिले नव्हते. आत दिसत होती बारीक पूड.

इथे मला राग आवरत नाही. गुळवेल आमच्या ओळखीची, पण तिच्यासारख्या दिसणाऱ्या, त्याच कुळातल्या दुसऱ्या वेली आहेत. टिनोस्पोरा क्रिस्पा नावाची एक यकृताला बाधू शकते, असा खुलासा आयुष मंत्रालयानेच 2022 मध्ये केला होता. ताजी वेल समोर असली तर जाणकार फरक सांगेल, क्रिस्पाच्या खोडावर ठळक गाठी असतात. पूड झाल्यावर आतेसासूबाईंनीही हात टेकले. मधुमेहाचा माणूस हे घेऊन आपली गोळी बंद करेल, आणि त्याच्या घरचे लोक आमच्या अध्यक्षांना फोन करतील. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करायला 1954 च्या औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. औषध म्हणून विकायचे तर आयुर्वेदिक औषधनिर्मितीचा परवाना लागतो, अन्नाची नोंदणी त्याला चालत नाही. म्हणून आम्ही पाकीट न उघडता, बिलासकट, हे आमचे नाही असे लेखी पत्र जोडून अन्न आणि औषध प्रशासनाला दिले. तुमच्या नावाचे असे पाकीट दिसले तर सगळ्यात आधी हे करा.

पैशांसाठी आम्ही दोन वाटा धरल्या आहेत. पोलिसांत फसवणुकीची तक्रार, जुन्या 420 च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचे 318 वे कलम आहे. आणि ग्राहक आयोग. तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतले, तुम्ही ग्राहक नाही, असे आम्हाला एकाने सांगून परत पाठवायला बघितले होते. तसे नाही. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर 2019 च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच ठरता, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. 1915 या हेल्पलाइनवर आधी विचारता येते. यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 वर त्याच दिवशी फोन करा, उशीर झाला की खात्यात काही उरत नाही. आमच्या दोघींनी रोख दिले होते, त्यांच्याकडे सहीची पावतीसुद्धा नाही, आणि त्यांचे 12,000 सिद्ध करणे सगळ्यात कठीण जाते आहे.

प्रकरण अजून चालू आहे. गट आम्ही मोडलेला नाही. गवती चहा आणि सोले आता वाळपईच्या आणि म्हापशाच्या बाजारात स्वतः बसून विकतो, भाव त्या कागदावरच्या निम्माही नाही, पण पैसे त्याच दिवशी हातात येतात. कुड्याला आणि गुळवेलीला आम्ही विक्रीसाठी हात लावत नाही.

मागच्या महिन्यात केपेच्या बाजूच्या एका गटातल्या ताईंचा फोन आला. त्यांच्याकडे आलेल्या माणसाच्या कंपनीचे नाव वेगळे आहे, पण दरांचा कागद तोच, निळ्या पाण्याचा पेला तोच, आणि करारातली ‘कंपनीचा निर्णय अंतिम’ ही ओळ शब्दशः तीच. त्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत. तुमच्याकडे तो कागद आला असेल तर त्याचा आणि माणसाच्या गाडीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा, तुमच्या पंचायतीत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. आमच्या तक्रारीची नोंद वाळपईला झालेली आहे, तुमची त्याला जोडता येईल.