जबड्याची शस्त्रक्रिया: टायटॅनियमची पट्टी की विरघळणारी?
जबडा कापून नव्या जागी बसवल्यावर हाड जुळेपर्यंतचे पहिले 6 ते 8 आठवडे कसोटीचे असतात. या काळात स्क्रूने बसवलेली पट्टी हाडाचे तुकडे जागेवर धरून ठेवते. टायटॅनियमची पट्टी पातळ असूनही जबड्यावरचा ताण पेलते. मात्र ती कायम राहते आणि संसर्ग झाल्यास काढण्यासाठी पुन्हा भूल घ्यावी लागते. विरघळणारी, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल या प्लास्टिकसारख्या पदार्थाची पट्टी शरीरातच विघटित होऊन शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते, पण ती जाड असते, स्क्रूसाठी हाडात आधी आटे पाडावे लागतात आणि पिळताना स्क्रूचे डोके तुटू शकते. वरचा जबडा थोडाच पुढे आणायचा असेल, तर दोन्हींची दीर्घकालीन स्थिरता जवळपास सारखी आढळते. तो खाली उतरवायचा असल्यास मात्र मी टायटॅनियमच सुचवेन, कारण चावण्याचा जोर त्याला सतत वर ढकलत असतो.