बोवीची मैफल ऐकायची, पण कोणती?

ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या झगमगत्या दिवसांतला एकच लाइव्ह अल्बम घ्यायचा, तर जाणकार लंडनच्या हॅमरस्मिथचा सुचवतील. मी आधी ‘लाइव्ह सँटा मोनिका ७२’ घ्या म्हणेन.

२० ऑक्टोबर १९७२. बोवीचा पहिलाच अमेरिका दौरा. कॅलिफोर्नियातल्या या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण एका एफएम रेडिओसाठी झालं आणि मग ते वर्षानुवर्षं चोरट्या रेकॉर्डांवरून फिरत राहिलं, आपल्याकडे मैफलींच्या खासगी कॅसेटी हातोहात फिरायच्या तसंच. अधिकृतपणे बाजारात यायला २००८ उजाडलं. आवाज कोरडा आहे, ड्रम दबलेले वाटतात, चकचकीतपणा औषधालाही नाही. पण मिक रॉन्सनची गिटार! ती कानात घुसते आणि तिथंच ठाण मांडते. ‘द जीन जिनी’ तेव्हा बाजारातही आलं नव्हतं. ते इथं ताजं ताजं ऐकायला मिळतं. मधेच बोवी बेल्जियन गायक-गीतकार जाक ब्रेलचं मृत्यूवरचं गाणं धरतो आणि वातावरणच पालटतं. झिगी स्टारडस्ट या कल्पित रॉकस्टारचं सोंग अजून त्याच्या अंगावर नवं आहे, समोरच्यांना जिंकायची भूक आहे, आणि ती ऐकू येते.

हॅमरस्मिथ ओडियनचा, म्हणजे ‘झिगी स्टारडस्ट: द मोशन पिक्चर’, ३ जुलै १९७३चा. लंडन, दौऱ्याची शेवटची रात्र. शेवटच्या गाण्याआधी बोवीनं हा आपला अखेरचाच कार्यक्रम असल्याचं सांगून टाकलं. बास वाजवणाऱ्या ट्रेव्हर बोल्डरला आणि ड्रमवरच्या वुडमन्सीलाही त्याची कल्पना नव्हती. इतिहास म्हणून हे अमोल, पण गाणं दौऱ्यानं थकलेलं वाटतं. दिग्दर्शक पेनेबेकरनं या कार्यक्रमावर केलेल्या चित्रपटासोबत पाहिलंत तर ती थकावट जाणवत नाही, नुसतं ऐकलंत तर जाणवते. घ्यायचाच तर २०२३ची आवृत्ती घ्या: त्या रात्री पाहुणा म्हणून आलेल्या जेफ बेकची गिटार १९८३च्या अल्बममध्ये नव्हती, ती यात आहे.

‘डेव्हिड लाइव्ह’ मात्र पहिला म्हणून नकोच. जुलै १९७४, फिलाडेल्फियाजवळचं टॉवर थिएटर. ध्वनिमुद्रण होणार हे ऐन वेळी कळल्यावर वादक मानधनासाठी अडून बसले होते. कोरसचे काही आवाज नंतर स्टुडिओत भरले. बोवीचा गळा खरवडलेला. रॉन्सन आता सोबत नाही, त्याच्या जागी गिटारवर अर्ल स्लिक. सोबत डेव्हिड सॅनबॉर्नचा सॅक्सोफोन. झिगीची गाणी इथं कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या सोल संगीताकडे झुकू लागलेली दिसतात आणि पुढच्या वर्षीच्या ‘यंग अमेरिकन्स’ अल्बमची चाहूल लागते. ते वळण ज्यांना ऐकायचं असेल त्यांनी निर्माता टोनी व्हिस्कॉन्टीनं नव्यानं मिक्स केलेली २००५ची आवृत्ती शोधावी. जुनी फारच पातळ वाजते.