मेथोट्रेक्सेट पुरत नाही, आता पुढचं औषध कोणतं? टीएनएफ-रोधक, रिट्युक्सिमॅब आणि टोफासिटिनिब

आमवातात आधी दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटचा आठवड्याचा डोस 20-25 मिलिग्रॅमपर्यंत वाढवून झाला, जोडीला सल्फासालाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देऊन झालं, तरी सकाळी बोटं आखडलेलीच आणि सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) काही खाली येत नाही. आमवाताच्या, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या (आरए), बऱ्याच रुग्णांवर ही वेळ येते. मग डॉक्टर बायोलॉजिकल (जिवंत पेशींत बनवलेल्या प्रथिनांच्या) इंजेक्शनांचं किंवा नव्या गोळ्यांचं नाव काढतात आणि घरचे विचारतात, ‘यातलं सगळ्यात भारी कोणतं?’ सांध्यांची सूज उतरवण्यात ही औषधं एकमेकांच्या फार पुढेमागे नाहीत. फरक आहे तो प्रत्येक औषध कोणत्या पेशीला अडवतं यात, आणि ती पेशी शरीरात दुसरीकडे कशाची राखण करत होती यात. निवड तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी सांध्यात काय चाललंय ते पाहू. निरोगी सांध्याचं आतलं अस्तर जेमतेम एक-दोन पेशींच्या जाडीचं असतं. आमवातात ते फुगून कितीतरी थरांचं होतं आणि त्यात मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी), टी पेशी आणि बी पेशी अशा प्रतिकारशक्तीच्या पेशी दाटीनं येऊन बसतात. मॅक्रोफेज टीएनएफ आणि आयएल-6 हे रासायनिक संदेश सोडतात. टी पेशी त्यांना आणखी चेतवतात. बी पेशींपासून तयार होणाऱ्या प्लाझ्मा पेशी आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या अँटिबॉडी बनवतात. सुजलेल्या गुडघ्यातून सुईनं काढलेलं पाणी पिवळट, गढूळ दिसतं, ते न्यूट्रोफिल्स या पांढऱ्या पेशींच्या गर्दीमुळे. त्या थोड्याच वेळात तिथेच मरतात आणि मरताना कुर्चा विरघळवणारी एन्झाइम्स सांडतात. अस्तरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी कुर्चा कुरतडतात, ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड पोखरतात. साध्या जखमेत मॅक्रोफेज शेवटी साफसफाई करतात आणि दाह आटोपतो. इथे लक्ष्य शरीराचाच भाग असल्यामुळे ते संपतच नाही आणि दाह वर्षानुवर्षं चालू राहतो.

टीएनएफ-रोधक: वेगवान आणि पारखलेले, पण टीबीची भीती खरी

मॅक्रोफेजच्या टीएनएफला अडवलं तर बाकीचे संदेशही मंदावतात, हे लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रवींदर मैनी यांनी दाखवलं. 1992 साली त्यांनी टीएनएफ अडवणारं औषध आमवाताच्या रुग्णांना पहिल्यांदा दिलं आणि 2003 मध्ये दोघांना लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला. आज या गटात अडालिमुमॅब (दोन आठवड्यांनी 40 मिलिग्रॅम, त्वचेखाली), इटानरसेप्ट (आठवड्याला 50 मिलिग्रॅम), इन्फ्लिक्सिमॅब (सलाईनमधून) अशी औषधं आहेत. अडालिमुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच बनवलेलं दुसऱ्या कंपनीचं औषध, भारतात 2014 पासून मिळतं, त्यामुळे खर्च पूर्वीइतका आवाक्याबाहेर राहिलेला नाही. फरक बहुधा काही आठवड्यांतच जाणवू लागतो आणि अनुभवाची वर्षं सगळ्यात जास्त याच गटाच्या गाठीशी आहेत.

आता टीबीचं. टीबीचे जंतू शरीरात शिरले की मॅक्रोफेज त्यांना गिळतात, पण पुष्कळदा मारू शकत नाहीत. मग त्या एकमेकींना बिलगून जंतूंभोवती गाठ बांधतात, बाहेरून टी पेशींचं कडं पडतं आणि जंतू आत निपचित पडून राहतात. ही गाठ शाबूत ठेवण्यात मोठा वाटा टीएनएफचाच असतो. सांध्यासाठी तो काढून घेतला की फुप्फुसातल्या त्या गाठीची पकडही सैल होते. 2001 मध्ये अमेरिकी औषध नियामकाकडे आलेल्या नोंदींतून इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांमधल्या टीबीच्या 70 केसेस प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या 40 जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता आणि 48 जणांना तो तीन किंवा त्याहून कमी सलाईनींनंतरच झाला. म्हणजे आधीपासून दडून बसलेला जंतू सुटला आणि अंगभर पसरला.

जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण पाव रुग्ण भारतात आहेत, आणि सुप्त संसर्ग तर सुमारे दर तीन प्रौढांमागे एकाला. त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबी शोधणारी मॅन्टू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी झाल्याशिवाय पहिलं इंजेक्शन घेऊ नये. स्टेरॉइड चालू असताना मॅन्टू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे डॉक्टरांशी बोलून घ्यावं. सुप्त टीबी निघाला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिनाभर थांबतात, मग इंजेक्शन. चाचणी निगेटिव्ह आली म्हणून कायमचं निर्धास्तही होता येत नाही, कारण नवा संसर्ग कधीही होऊ शकतो. संध्याकाळी कणकण, वजनात घट, मानेत गाठ असं काही दिसलं की पुढचा डोस थांबवून तपासणी करायची.

गटातही फरक आहे. ब्रिटनमधल्या अशी औषधं घेणाऱ्या रुग्णांच्या नोंदवहीत दर लाख रुग्ण-वर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष, म्हणजे एक रुग्ण-वर्ष) टीबीचं प्रमाण अडालिमुमॅबवर 144, इन्फ्लिक्सिमॅबवर 136 आणि इटानरसेप्टवर 39 आढळलं. त्यामुळे घरात अलीकडे कुणाला टीबी झाला असेल आणि तरीही टीएनएफ-रोधकच घ्यायचं ठरत असेल, तर मी इटानरसेप्टबद्दल विचारीन. हृदय बरंच कमजोर असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असेल, तर मात्र हा गटच टाळतात.

रिट्युक्सिमॅब: वर्षातून मोजक्या सलाईनी

हे औषध बी पेशींवरच्या सीडी-20 या खुणेला चिकटतं आणि त्या पेशी नाहीशा करतं. प्लाझ्मा पेशींवर ती खूण नसते. त्यामुळे जुन्या आजारांच्या आणि लसींच्या अँटिबॉडी बऱ्याच अंशी टिकतात, नव्या मात्र नीट बनत नाहीत. लंडनच्या जोनाथन एडवर्ड्स यांच्या गटानं 161 रुग्णांवरची चाचणी 2004 मध्ये प्रसिद्ध केली आणि आमवातात बी पेशींना किती महत्त्व आहे ते तेव्हा ठळकपणे समोर आलं. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह असलेल्यांना याचा गुण जास्त येतो. दोन्ही निगेटिव्ह असतील तर मी आधी दुसरा पर्याय पाहीन.

पद्धत अशी: 1000 मिलिग्रॅमच्या दोन सलाईनी, मध्ये दोन आठवडे. त्या दिवशी पूर्ण वेळ काढूनच जावं लागतं. आधी पॅरासिटामॉल, अॅलर्जीची गोळी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. सलाईन अगदी संथ सुरू होतं आणि दर अर्ध्या तासानं वेग थोडा वाढवतात. घशात खाज, अंगावर पित्त, थंडी असं काही वाटलं तर लगेच सिस्टरांना सांगायचं, लाजून बसायचं नाही. बहुतेकदा वेग कमी केला की ते शमतं. परिणाम बहुधा सहा महिने किंवा त्याहून जास्त टिकतो. दर आठवड्याच्या इंजेक्शनाला कंटाळलेल्यांना आणि तालुक्याहून पुण्या-मुंबईला तपासणीला येणाऱ्यांना हे सोयीचं पडतं.

याच्या बाजूनं आपल्याकडे आणखी एक मोठी गोष्ट आहे. बी पेशी गेल्यानं टीबीची गाठ फारशी ढळत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2013 च्या मार्गदर्शनातही, टीबी जास्त असलेल्या प्रदेशात पहिलं बायोलॉजिकल म्हणून रिट्युक्सिमॅबचा विचार करता येईल, असं म्हटलं होतं. धोका आहे तो हिपॅटायटिस बीचा. दबलेला विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं, म्हणून एचबीएसएजी या नेहमीच्या हिपॅटायटिस बी चाचणीसोबत, पूर्वी होऊन गेलेला संसर्ग दाखवणारी अँटी-एचबीसी ही चाचणीही हवीच. कोविडच्या काळात रिट्युक्सिमॅब घेणाऱ्यांना आजार जास्त तीव्र झाला आणि लसही कमी लागू पडली. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसी म्हणूनच सलाईनच्या काही आठवडे आधी घ्याव्यात. कोर्स पुन्हा पुन्हा झाले की रक्तातलं आयजीजी (संरक्षक अँटिबॉडींचं प्रमाण) घसरू शकतं, तेही तपासत राहावं लागतं.

टोफासिटिनिब: गोळी आहे, पण साधी नाही

5 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. सुई नाही, फ्रिज नाही, आणि जेनेरिक आल्यापासून आपल्याकडे ही स्वस्तही झाली आहे. पेशीच्या आत संदेश पोचवणारं जॅक हे एन्झाइम ती अडवते, त्यामुळे आयएल-6 आणि इंटरफेरॉनसह अनेक संदेशांचा आवाज एकदम खाली येतो. टी पेशी आणि विषाणू शिरलेल्या पेशी मारणाऱ्या एनके पेशी मंदावल्यानं नागीण जास्त उठते. नागिणीची रिकॉम्बिनंट लस भारतात 2023 मध्ये आली आहे, ती आधीच घेणं उत्तम. टीबीची तपासणी इथेही तितकीच सक्तीची, कारण मॅक्रोफेजना जंतूशी लढायला सज्ज करणारं इंटरफेरॉन गॅमासुद्धा याच वाटेनं काम करतं.

पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या 4,362 रुग्णांवरचा मोठा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयविकाराचे झटके, पक्षाघात किंवा त्यांमुळे मृत्यू असं टोफासिटिनिबवर 3.4 टक्के जणांना झालं, टीएनएफ-रोधकांवर 2.5 टक्के. कॅन्सरचं प्रमाण 4.2 आणि 2.9 टक्के होतं. तंबाखू ओढणाऱ्या, साठीपुढच्या, बायपास किंवा स्टेंट झालेल्या माणसाला ही गोळी निव्वळ सोयीसाठी देऊ नये, असं मला वाटतं. पस्तिशीतल्या, निर्व्यसनी, सुईची धास्ती असलेल्या रुग्णाला ती चांगली आहे. मूल हवं असेल तर मात्र नको. मला खरी काळजी वाटते ती दुकानातून जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने गोळी आणणाऱ्यांची. हिमोग्लोबिन, लिम्फोसाइट, यकृत आणि कोलेस्टेरॉल तपासल्याशिवाय ही गोळी चालू ठेवायची नसते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मेथोट्रेक्सेट अजिबात सोसत नसेल तर आयएल-6 अडवणारं टोसिलिझुमॅब एकटंही चांगलं चालतं. त्यावर सीआरपी दबून राहतो, त्यामुळे ताप आला आणि सीआरपी नॉर्मल निघाला तरी संसर्ग नाही असं समजू नये. टी पेशींना चेतवणारा इशारा रोखणारं अबाटासेप्ट संथ आहे, पण वारंवार संसर्ग होणाऱ्यांना त्यातल्या त्यात सौम्य. बाळंतपणाचा विचार असलेल्या बाईनं मेथोट्रेक्सेट आधीच थांबवायला हवं. तिला सर्टोलिझुमॅब हा टीएनएफ-रोधक योग्य, कारण तो वारेतून बाळापर्यंत जवळजवळ पोचत नाही.

टीएनएफ-रोधक किंवा रिट्युक्सिमॅब सुरू झालं म्हणून मेथोट्रेक्सेट मनानं बंद करू नका. जोडीनं त्यांचा गुण जास्त येतो. तीन महिन्यांत सूज निदान निम्म्यानं उतरायला हवी आणि सहा महिन्यांत आजार पूर्ण आटोक्यात यायला हवा. तसं झालं नाही तर औषध बदलण्याबद्दल तुम्ही स्वतः विचारा. एक टीएनएफ-रोधक चालला नाही, तर त्याच गटातलं दुसरं घेण्याआधी वेगळ्या पेशीवर काम करणारं औषध देता येईल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.