शाळेचं शनिवारचं पत्र आणि रोजचे चेहरे : दोन सत्रांनंतरचा अनुभव

थोरली चौथीत, धाकटा दुसरीत. दोघांची प्राथमिक शाळा एकच, त्यामुळे एकाच ॲपवर दोन वर्गांच्या बातम्या येतात. शाळेच्या सूचना, वर्गातल्या घडामोडी आणि मुलांच्या मनःस्वास्थ्याबद्दलचं साप्ताहिक पत्र असा सगळा कारभार तिथे चालतो. आता दुसरं सत्र संपत आलंय, म्हणून नीट बसून लिहिते आहे. शनिवारचं पत्र मला इतकं आवडलंय की ते बंद करायचं कुणी ठरवलं तर मी शाळेत जाऊन वाद घालीन. त्याच ॲपमधली मुलांच्या रोजच्या मूडची नोंद मात्र मी आमच्यापुरती बंद करून घेतली आहे आणि लहान मुलं असलेल्या घरांना तेच करायला सांगेन.

साध्या सूचनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. वेळापत्रक, सुट्ट्या, उद्या काय आणायचं, हे वेळेवर येतं आणि तारीख ठळक असते. त्रास एवढाच की वह्या आणायची सूचना आणि ‘वर्गात एका मुलाला कांजिण्या झाल्या आहेत’ ही सूचना दोन्ही एकाच आवाजात, एकाच रंगात येतात. सेटिंगमध्ये जाऊन सूचनेच्या प्रकारानुसार आवाज वेगळे करता येतात, ते पहिल्याच दिवशी करून टाका.

खरा माल आहे तो शनिवारच्या पत्रात. एक पान, क्वचित दीड. त्या आठवड्यात वर्गात भावनांबद्दल किंवा मैत्रीबद्दल काय बोलणं झालं ते चार-पाच ओळींत, एखादी आरोग्याची गोष्ट आणि शेवटी घरी विचारायला एकच प्रश्न. हा प्रश्न म्हणजे पत्राचा जीव. ‘आज शाळेत काय झालं?’ म्हटलं की सात वर्षांचं मूल ‘काही नाही’ म्हणतं, त्यात त्याचा काही दोष नाही. अख्ख्या दिवसातून काय उचलून सांगायचं हे त्याला कळत नाही. नेमका धागा हातात दिला की आठवण आपोआप पुढे येते.

एका आठवड्यात वर्गात रागाबद्दल बोलणं झालं होतं. पत्रातला प्रश्न असा होता : ‘राग येतो तेव्हा तुला तो अंगात सगळ्यात आधी कुठे जाणवतो?’ रात्री अंथरुणं घालताना मी धाकट्याला विचारलं. तो उशी घालायची थांबला, विचार केला आणि म्हणाला, ‘कानात. गरम होतात.’ लगेच थोरली म्हणाली, ‘माझा पोटात. आणि मग मला कुणाशीच बोलायचं नसतं.’ ती चिडली की खोलीत जाऊन दार लावते, त्यामागे काय असतं ते मला तेव्हा कळलं. तिला हे सांगायला शब्द मिळाले ते वर्गात, पण सांगायची वेळ आली घरी, आणि मधला दुवा होता तो प्रश्न.

पुढच्या काही पत्रांत चार रंगांची पद्धत समजावली होती. लीआ कायपर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टने २०११ मध्ये मांडलेली ही रचना बऱ्याच प्राथमिक शाळा वापरतात : निळा म्हणजे उदास, थकलेलं, मरगळलेलं, हिरवा म्हणजे शांत आणि शिकायला तयार, पिवळा म्हणजे धास्ती, चुळबुळ किंवा अति उत्साह, लाल म्हणजे ताबा सुटलेला. कुठलाच रंग वाईट नाही, हे आमच्या वर्गशिक्षिकेने पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं आणि ते फार बरं झालं. नाहीतर घरोघरी ‘चल, हिरवा हो बघू’ असा नवा दम सुरू झाला असता. धाकटा आता स्पर्धेच्या आदल्या रात्री ‘मी पिवळा आहे’ म्हणतो आणि आम्ही दोघं थोडा वेळ गच्चीत फिरून येतो. एवढ्याने त्याचं भागतं.

उवांचं पत्रही नमुनेदार होतं. वर्गात उवा निघाल्यावर पालकांच्या ग्रुपवर गोंधळ उडाला. कुणाच्या मुलामुळे, कुणाचं घर अस्वच्छ, असलं बोलणं सुरू झालं. संध्याकाळपर्यंत शाळेचं पत्र आलं, त्यात कुणाचंही नाव नाही. ऊ उडत नाही, उडीही मारत नाही. डोक्याला डोकं लागलं की चालत जाते. स्वच्छ केसांतही होते. लिखेतून पिल्लू बाहेर यायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून औषध एकदा लावून थांबायचं नाही, दुसऱ्यांदा कधी लावायचं ते पाकिटावर किंवा डॉक्टरांकडून बघून घ्यायचं, आणि मधले दिवस ओल्या केसांतून बारीक दातांची फणी फिरवायची. खाली एक ओळ होती : ‘घरी कुणाचं मूल हे विचारू नका, आपलं डोकं तपासा.’ ग्रुप शांत झाला. आरोग्याची बातमी अशी द्यायला हवी. माहिती पूर्ण असावी आणि बोट कुणाकडेच नसावं.

थोरलीच्या वर्गात दोन मुलींचं बिनसलं आणि एका पालकाने ग्रुपवर ‘बुलिंग’ हा शब्द टाकला, तेव्हाही पत्रानेच घडी बसवली. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेयस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या होत्या : मुद्दाम केलेला त्रास, तो पुन्हा पुन्हा होणं, आणि दोघांच्या बळात फरक, म्हणजे सोसणाऱ्याला स्वतःचा बचाव करणं अवघड जाणं. पत्रात त्या सोप्या शब्दांत दिल्या होत्या. बरोबरीच्या दोन मैत्रिणींचं भांडण म्हणजे भांडण. ते त्यांना सोडवू द्यावं, मोठ्यांनी जवळ असावं. आणि तिन्ही खुणा दिसल्या तर वाट न बघता शाळेला कळवावं, कुणाशी बोलायचं तेही लिहिलं होतं. मला ही दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटली, कारण ‘मुलंच ती, भांडणारच’ म्हणून खरा छळही झाकला जातो.

सत्राच्या मध्यावर एक प्रश्नावली आली. रॉबर्ट गुडमन या ब्रिटिश बालमानसोपचारतज्ज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली, पंचवीस विधानांची. प्रत्येकापुढे ‘खरं नाही’, ‘काहीसं खरं’, ‘नक्की खरं’ यांतलं एक निवडायचं. भावना, वागणूक, चंचलता, सवंगड्यांशी नातं आणि इतरांना मदत करायची वृत्ती, असे पाच भाग. पहिल्या चार भागांची बेरीज अडचणींची. मदतीचा भाग वेगळा धरतात. हाच कागद शिक्षिकाही भरतात, म्हणून घर आणि वर्ग यांतला फरक दिसतो. माझी तक्रार अशी की प्रश्नावली आली तेव्हा ती कोण वाचणार, कुठे ठेवणार, याबद्दल एक शब्द नव्हता. हा चाचपणीचा कागद आहे, त्यावरून कुठल्याही आजाराचं निदान होत नाही, हेही बऱ्याच पालकांना नंतरच्या पत्रातून कळलं. तोवर काहींनी भीतीपोटी सगळीकडे ‘खरं नाही’ भरून दिलं होतं. ते पत्र आधी यायला हवं होतं.

आता रोजचे चेहरे. सकाळी वर्गात आल्यावर मूल टॅबलेटवर पाचपैकी एका चेहऱ्यावर बोट ठेवतं, आणि मिनिटाभरात तो चेहरा पालकाच्या फोनवर येतो. कल्पना चांगल्या मनाने केलेली आहे, याबद्दल मला शंका नाही. शिक्षिकेला पहिल्या तासाला कळतं की आज कोणाजवळ जरा जास्त बसायला हवं, आणि तेवढं असतं तर मी कौतुकच केलं असतं. पण कामावर असलेल्या आईच्या फोनवर रडका चेहरा येतो, सोबत कारण नाही, आणि करण्यासारखं हातात काहीच नाही. संध्याकाळी विचारलं तर धाकट्याला आठवतही नसतं. एकदा कारण निघालं ते खिडकीजवळची जागा दुसऱ्याला मिळाल्याचं.

त्याहून गंभीर गोष्ट थोरलीची. काही आठवड्यांत तिचा चेहरा रोज हसरा यायला लागला. मी म्हटलं, छान चाललंय वाटतं. ती सहज म्हणाली, ‘दुसरा दाबला की तू विचारतेस ना, म्हणून.’ नऊ वर्षांच्या मुलीने आईची काळजी वाचवायला खोटं उत्तर द्यायला सुरुवात केली होती आणि ते खोटं शिक्षिकेपर्यंतही तसंच पोचत होतं. म्हणजे ज्यासाठी ही सोय आहे तेच त्यातून निसटतं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याबद्दल आहे आणि कलम १६ त्याच्या खासगीपणाबद्दल. दोन्ही इथे लागू होतात असं मला वाटतं. सकाळी सात-आठ वर्षांच्या मुलाने शिक्षिकेला सांगितलेली गोष्ट घरी पाठवायची का, हे त्याला कुणी विचारलंच नाही.

मी वर्गशिक्षिकेशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि आमच्या दोन्ही मुलांचे चेहरे पालकांकडे जाणं बंद केलं; वर्गात नोंद चालू आहे. थोरलीला सांगितलं तेव्हा तिने ‘मग आता खरं दाबू?’ असं विचारलं. काळजी करण्यासारखं काही असेल तर शिक्षिका फोन करतात, आणि तसा फोन एकदा आलाही. त्या फोनमध्ये कारण होतं, काय केलं ते होतं, घरी काय करावं तेही होतं.

फोटोंबाबत शाळा काटेकोर आहे, हे नोंदवायला हवं : फोटोखाली नाव नसतं आणि संमती न दिलेल्या मुलांचे फोटो येत नाहीत. नकोसा वाटतो तो कधीमधी येणारा सजवलेला उपदेश. फुलापानांच्या चित्रावर सुविचार, खाली ‘तणावमुक्त बालपण’. अशा आठवड्यात पत्र वर्गात लिहिलेलं नाही हे लगेच कळतं. झोपेबद्दलचं पत्र मात्र स्वतः शिक्षिकेने लिहिलं होतं. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत नऊ ते बारा तास झोप लागते, आणि वर्गात कोणत्या तासाला जांभया सुरू होतात, हे दोन्ही त्यात होतं. दुसऱ्याच दिवसापासून आमच्याकडे दिवे लवकर बंद व्हायला लागले. दर आठवड्याला असं लिहायला त्यांना वेळ कुठून मिळणार? मला पंधरवड्यातून एक खरं पत्र चालेल.

एका पत्राचा उल्लेख राहता कामा नये. दुसरीच्या शिक्षिका लांबच्या रजेवर जाणार होत्या. मुलांना सांगण्याच्या आदल्या संध्याकाळी पालकांना पत्र आलं, आणि मुलांना कोणत्या शब्दांत सांगणार आहोत ते जसंच्या तसं लिहिलं होतं. धाकटा घरी येऊन रडला तेव्हा आम्ही घरातली मोठी माणसं त्याच्याशी तेच बोललो, वेगवेगळ्या गोष्टी त्याच्या कानावर पडल्या नाहीत.

नवीन पालकांसाठी एक व्यवहाराची गोष्ट : एका मुलामागे दोनच नंबर जोडता येतात असं आधी सांगितलं जातं, पण अर्ज केला की तिसरा मिळतो. आमच्याकडे मुलांना शाळेतून आणते आजी, आणि ती तिसऱ्या नंबरावर आल्यापासून शनिवारचा प्रश्न बहुतेक वेळा तीच वाटेत विचारून मोकळी होते. तिच्यासाठी पत्र वाचून दाखवणारं बटण आहे, आवाज स्पष्ट आहे. पुढच्या सत्रासाठी शाळेला मी दोन गोष्टी लेखी मागितल्या आहेत : चेहऱ्यांची नोंद पालकांकडे पाठवणं मुळातच बंद असावं, ज्यांना हवं त्यांनी मुलाला विचारून सुरू करावं, आणि कोणतीही प्रश्नावली येण्याआधी ती कोण वाचणार हे सांगणारं पत्र यावं. दुसऱ्या मागणीला होकार आला आहे. पहिली पालकसभेत ठेवणार आहेत.