कार्ड फक्त गणितासाठी : लिनक्सवर नऊ महिने

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातून काढून मदरबोर्डाच्या पोर्टात लावली, त्याला नऊ महिने झाले. कार्ड तेच आहे, काम मात्र निवांत झालंय.

आमची केळी रावेर तालुक्यात. पानांच्या फोटोंवरून करपा आणि हरण्या हे केळीचे रोग ओळखणारं मॉडेल शिकवायचं, एवढ्यासाठीच आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, तेही १२ जीबी मेमरी पाहून. सुरुवातीला मॉनिटरही त्यालाच होता. ट्रेनिंग, म्हणजे मॉडेल शिकवण्याचं काम, लागलं की माउस अडखळायचा. डेस्कटॉप आणि ब्राउझर मिळून ९०० एमबीच्या आसपास खायचे, आणि एखादा टॅब जास्त उघडा राहिला की रात्रीचं काम पहाटे मेमरी संपून बंद पडलेलं सापडायचं.

मग पडद्याचं काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे दिलं. माझा प्रोसेसर आय-५ १२४०० आहे म्हणून जमलं. घेताना दुकानदार स्वस्तातला १२४००एफ गळ्यात मारत होता, त्या ‘एफ’मध्ये ग्राफिक्सच नसतं. तुम्ही घेणार असाल तर हे आधी बघा, नंतर इलाज नाही.

कार्ड बसवलं की बरेच मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपणहून बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, मल्टी-मॉनिटर चालू करून पहिला डिस्प्ले आतल्या ग्राफिक्सवर ठेवावा लागतो. एवढं करूनही कार्ड कोण वापरतंय ते दाखवणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआयच्या यादीत एक्सऑर्ग, म्हणजे डेस्कटॉप पडद्यावर आणणारा प्रोग्राम, ४ एमबी धरून बसलेलंच. त्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो-ॲड-जीपीयू’ (दिसेल ते कार्ड आपणहून धरणं) बंद केलं, तेव्हा यादी रिकामी झाली. आता पूर्ण मेमरी मॉडेलची.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो पॉवर लिमिटने, म्हणजे कार्डाने किती वीज घ्यावी या मर्यादेने. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, खोलीत कूलर, म्हणून १७० वॅटचं कार्ड १२० वर बांधलं. वेग थोडा उतरला, पंख्याचा आवाज मात्र निम्म्यावर आला. पण एक ट्रेनिंग संपून दुसरं लावलं की मर्यादा पुन्हा १७०! दोन दिवस डोकं खाजवलं. कारण साधं निघालं : कार्डाला डेस्कटॉप धरून नसल्याने शेवटचा प्रोग्राम संपला की ड्रायव्हर कार्ड सोडून देतो आणि सेटिंगही जाते. ड्रायव्हरला कार्ड सोडू न देणारा पर्सिस्टन्स मोड चालू केला, मशीन सुरू होतानाच मर्यादा लावणारी छोटी सर्व्हिस लिहिली, मग थांबलं.

या बदलाची खरी किंमत कळली ती कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट केला त्या दिवशी. ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या हेडर्स फाइली टाकायला मी विसरलो, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचा मॉड्यूल बनलाच नाही. पूर्वी अशा वेळी समोर काळा पडदा यायचा आणि मोबाइलवर उपाय शोधत बसावं लागायचं. या वेळी डेस्कटॉप नेहमीसारखा उघडला, फक्त मॉडेल शिकवणाऱ्या पायटॉर्चला कार्ड दिसेना. चहा निवायच्या आत हेडर्स टाकून मोकळा झालो.

गेम खेळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. आणि वीज जाते तिथे यूपीएस हवाच, आमच्याकडे तर हवाच हवा.

परवा आप्पांनी बागेतून पान आणून टेबलावर ठेवलं. “करपाच आहे का रे हा?” मागे ट्रेनिंग चालू होतं. फोटो घेतला, पडद्यावर मोठा केला, पिवळ्या रेघा आणि डागांचा राखाडी मध्य दाखवत गेलो. माउस एकदाही अडखळला नाही.