तासिका आणि रजेच्या हिशेबासाठी खात्रीचं ठिकाण

आमच्या तालुक्याच्या गावी, पंचायत समितीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर एक निवृत्त हेडक्लार्क काका बसतात. शाळा-कॉलेजांची वेतनबिलं, फरक, रजेचे हिशेब तपासून देतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते. प्राचार्य वैद्यकीय रजेवर गेले, आमचे सर प्रभारी झाले आणि त्यांचे तास माझ्याकडे आले. बिलात मात्र ते तास नव्हतेच!

काकांनी मस्टर बाजूला सारून आधी तासिका नोंदवही मागितली. आम्हाला पैसे मिळतात ते प्रत्यक्ष घेतलेल्या तासांचे. सुट्टी असो वा स्वतःचं आजारपण, तास नाही तर पैसे नाहीत. म्हणूनच घेतलेला एकही तास बुडता कामा नये. नोंदवहीत त्या तासांपुढे नाव सरांचंच छापलेलं, सही माझी. काकांनी पेन्सिलीने एकेक ओळ खुणावली आणि बदललेलं वेळापत्रक, प्रभाराचा आदेश तारखेसकट जोडायला लावला. "वर्गात कोण होतं ते कागदावर दिसायला हवं, ताई," म्हणाले. दुरुस्त बिल पुढच्या महिन्यात मंजूर झालं.

सरांनाही त्यांनी प्रभाराचा लेखी आदेश जपून ठेवायला सांगितलं. अतिरिक्त कार्यभाराच्या मोबदल्याची मागणी त्यावरच उभी राहते. शिवाय परिवर्तित रजा (अर्धवेतनी रजेच्या बदल्यात पूर्ण पगाराची रजा) घेतली की अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, हे किती जणांना माहीत असतं?

फी 200 रुपये, अगदी वाजवी. महिनाअखेरीस फार गर्दी असते. मूळ कागदच न्या, मोबाइलमधले फोटो काका बघत नाहीत.